‘तुम्ही मुलांना शिस्त कशी लावता?’ – हा प्रश्न यवतमाळात विचारण्याआधी

सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात मी पालकांच्या मुलाखतीसाठी बारा प्रश्न लिहिले होते. विषय साधाच वाटत होता: यवतमाळ जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या मुलांचे पालक शिस्त लावण्याची पद्धत कशी निवडतात. पहिला प्रश्न होता, "तुम्ही तुमच्या लहान मुलांना शिस्त कशी लावता?" गाईडने त्याखाली लाल पेनने एक ओळ लिहून मसुदा परत केला: "याला खरं उत्तर कोण देईल, आणि का देईल?"

मला तेव्हा राग आला होता. आता वाटतं, त्या एका ओळीत संशोधन पद्धतीचा अर्धा पेपर आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट देऊन विषय शोधताय, काही जण पालकत्व, बालविकास, अंगणवाडी अशा विषयांवर प्रस्ताव लिहिताय. म्हणून हा प्रश्न कुठे कुठे फसतो आणि त्याच्या जागी काय विचारता येईल, ते आज सविस्तर लिहिते.

‘शिस्त’ म्हणजे नेमकं काय मोजायचं?

पहिली अडचण शब्दाची. ‘शिस्त’ हा शाळेचा शब्द आहे. घरात आपण ‘वळण लावणं’ म्हणतो, ‘धाक हवा’ म्हणतो, ‘लाडावून ठेवलंय’ म्हणतो. तुम्ही ‘शिस्त’ म्हणालात की समोरच्या आईला अभ्यास, गणवेश, वेळेवर शाळा आठवते. तिचं मूल तर तीन वर्षांचं आहे.

दुसरी अडचण ‘मारणं’ या शब्दाची. "लेकराला मारता का?" असं विचारलं तर येणारं उत्तर तुम्हाला आत्ताच ऐकू येईल: "मारत नाही जी, देतो कदीमदी एखादी चापट." बोलणाऱ्याच्या दृष्टीने यात खोटं काहीच नाही. मारणं म्हणजे काठीने, वळ उठेपर्यंत. चापट, धपाटा, चिमटा, कान पिरगाळणं हे ‘मारणं’ या खात्यात जमाच होत नाही. आणि "पोलीस येईल, डॉक्टर सुई टोचेल, तुला इथेच सोडून जाते" ही तर फक्त ‘समजूत’.

म्हणून जगभर वापरली जाणारी साधनं पालकांना लेबल लावायला सांगत नाहीत, कृती विचारतात. युनिसेफच्या मिक्स सर्वेक्षणात (मल्टिपल इंडिकेटर क्लस्टर सर्व्हे) शिस्तीचं एक छोटं प्रकरण असतं. ते 1998 मध्ये मरे स्ट्रॉस आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पालक-मूल संघर्ष मापिकेवर आधारलेलं आहे. त्यात अकरा कृती वाचून दाखवतात: आवडती गोष्ट काढून घेतली, चूक का आहे ते समजावलं, धरून हलवलं, ओरडलं, दुसरं काही करायला दिलं, हाताने ढुंगणावर मारलं, काठी-पट्ट्यासारख्या वस्तूने मारलं, ‘मूर्ख’, ‘आळशी’ असं म्हटलं, तोंडावर-डोक्यावर-कानावर मारलं, हातापायावर मारलं, जोरात मारत सुटलं. प्रत्येकासाठी उत्तर फक्त हो किंवा नाही.

या रचनेत शिकण्यासारख्या चार गोष्टी आहेत. एक, मुदत ठरलेली आहे: गेला एक महिना. दोन, सगळ्या मुलांबद्दल एकत्र न विचारता एका ठरावीक मुलाबद्दल विचारतात. तीन, "तुम्ही केलं का?" असं न विचारता "तुम्ही किंवा घरातल्या कोणी केलं का?" असं विचारतात, त्यामुळे सांगणारीवर ठपका येत नाही. चार, समजावून सांगणं, लक्ष दुसरीकडे वळवणं या सौम्य कृतीही यादीत मिसळलेल्या आहेत. त्यामुळे मुलाखत उलटतपासणीसारखी वाटत नाही.

इथेच प्रस्तावांत हमखास होणारी एक गल्लतही सांगून टाकते. आपण सगळे डायना बॉमरिंडपासून सुरुवात करतो: अधिकारयुक्त, हुकूमशाही आणि मुक्त पालकत्व. ही वर्गवारी 1960 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमधल्या बालवाडी वयाच्या मुलांच्या अभ्यासातून आली. ती पालकत्वाच्या ‘शैली’बद्दल आहे, म्हणजे घरातल्या एकूण वातावरणाबद्दल. चापट किंवा समजावणं ही ‘कृती’ आहे. नॅन्सी डार्लिंग आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी 1993 मध्ये हा फरक स्पष्ट मांडला. एकच आई प्रेमळ शैलीची असूनही चापट मारू शकते. शीर्षकात ‘पद्धती’ आणि प्रश्नावलीत ‘शैली’ असं झालं तर व्हायव्हामध्ये पहिला बाण तिथेच लागतो.

पटत नाही, तरी हात उचलला जातो

अकरा कृती विचारून झाल्यावर मिक्समध्ये शेवटी एक वेगळा प्रश्न येतो: मुलाला नीट वाढवायचं, शिकवायचं तर शारीरिक शिक्षा करावीच लागते असं तुम्हाला वाटतं का?

युनिसेफने 2024 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगातली पाच वर्षांखालची सुमारे 40 कोटी मुलं, म्हणजे दहातली सहा, घरात नियमितपणे मार किंवा मानसिक आक्रमकता सोसतात. त्यातल्या सुमारे 33 कोटी मुलांना शारीरिक शिक्षा होते. पण शारीरिक शिक्षा ‘आवश्यक आहे’ असं म्हणणाऱ्या आया आणि सांभाळणारे चारातल्या एकाहून थोडेच जास्त.

म्हणजे मारणं बरोबर आहे असं न मानणाऱ्या असंख्य घरांतही मूल मार खातं. ‘निवड’ या शब्दाला धक्का बसतो तो इथे. आपण गृहीत धरतो की पालकाच्या डोक्यात आधी एक मत असतं आणि मग त्यानुसार कृती येते. तसं असतं तर हे दोन आकडे जवळ असते.

पण थांबा, एवढ्यावर निष्कर्ष काढून प्रस्तावात टाकू नका. दोन आकड्यांमधलं सगळं अंतर ‘मत विरुद्ध कृती’ असं नाही. कृतीचा प्रश्न घरातल्या कोणाहीबद्दल आहे, मताचा प्रश्न फक्त उत्तर देणारीबद्दल. आजोबांनी मारलं आणि आईला ते पटत नाही, तरी दोन्ही उत्तरं खरीच. कोणत्याही दोन टक्केवाऱ्यांची तुलना करताना आधी विचारा: या दोन्हींत ‘कोण’ एकच आहे का?

भारतापुरतं बोलायचं तर महिला व बाल विकास मंत्रालयाचा 2007 चा बाल अत्याचारविषयक अभ्यास आपण सगळेच उद्धृत करतो. 13 राज्यं, 12,447 मुलं, आणि तीनातल्या दोन मुलांना शारीरिक मार. कुटुंबात मार खाणाऱ्यांपैकी 88.6 टक्के मुलांना मारणारे आईवडीलच होते. पण त्यात उत्तर देणारी मुलं 5 ते 18 वयाची आहेत. त्याहून लहान मुलं स्वतः सांगू शकत नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल विचारायला पालकांशिवाय माणूस नाही. म्हणजे ज्याने मारलं त्यालाच विचारायचं. आपल्या विषयाची खरी अडचण ही आहे.

एक प्रसंग: कापसाच्या ढिगावर पाणी

आता निवड होते तरी कशी, हे समजायला एक प्रसंग कल्पून बघू. तो कोण्या एका घरात घडला असा माझा दावा नाही, पण कापूस पिकवणाऱ्या घरांना तो ओळखीचा वाटेल.

नोव्हेंबर महिना. कळंब तालुक्यातलं एक गाव. पुढच्या खोलीत वेचलेल्या कापसाचा ढीग, भाव चढेल म्हणून ठेवलेला. आई दिवसभर वेचणी करून आत्ताच घरी आली आहे. चुलीवर भात आहे. साडेतीन वर्षांची मुलगी पाण्याचा गडू घेऊन ढिगावर चढते आणि पाणी सांडतं. ओट्यावर सासू बसली आहे, शेजारची बाई आली आहे. आई उठते आणि पोरीच्या पाठीत धपाटा घालते.

आईने ही पद्धत ‘निवडली’ का? संशोधनात याची निदान चार उत्तरं सापडतात.

पहिलं उत्तर वेळेचं. अमेरिकेतल्या डॅलसमध्ये जॉर्ज होल्डन आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये एक छोटा पण डोळे उघडणारा अभ्यास प्रसिद्ध केला. 33 कुटुंबांतल्या आयांनी संध्याकाळच्या वेळी अंगावर ध्वनिमुद्रक बाळगला. त्यातल्या 15 कुटुंबांत शारीरिक शिक्षेचे 41 प्रसंग नोंदले गेले. खटका उडाल्यापासून हात उचलला जाईपर्यंत सरासरी अर्धा मिनिट गेलं होतं. अर्ध्या मिनिटात माणूस पर्यायांची यादी करत नाही. जे हाताशी आहे, सवयीचं आहे, तेच बाहेर येतं.

दुसरं उत्तर हेतूचं. मुलीने पाणी का सांडलं? आईच्या मनात या क्षणी कोणतं कारण येतं त्यावर पुढचं सगळं ठरतं. "तिला समजत नाही" असं वाटलं तर आई गडू काढून घेईल. "मुद्दाम करते, मले पाहून करते" असं वाटलं तर राग येईल आणि शिक्षा कडक होईल. यालाच अ‍ॅट्रिब्यूशन म्हणतात, म्हणजे समोरच्याच्या वागण्याचं कारण आपण कुठे शोधतो ते. थिओडोर डिक्स आणि सहकाऱ्यांनी 1980 च्या दशकात दाखवलं की मूल जसं मोठं होतं तसे पालक त्याच्या चुकीमागे जास्त हेतू बघू लागतात आणि जास्त चिडतात. आता वयाचा अंदाजच चुकला तर? ‘झिरो टू थ्री’ या अमेरिकन संस्थेच्या 2016 च्या सर्वेक्षणात निम्म्याहून जास्त पालकांना वाटत होतं की मनाई केलेली गोष्ट करण्याचा मोह मूल तीन वर्षांच्या आधीच आवरू शकतं. प्रत्यक्षात ती क्षमता साडेतीन-चार वर्षांच्या सुमारास आकार घ्यायला लागते आणि पुढे कितीतरी वर्षं पक्की होत जाते. म्हणजे बरीच मुलं जे त्यांना जमतच नाही त्यासाठी मार खातात.

तिसरं उत्तर बघणाऱ्यांचं. ओट्यावर सासू आहे. आईने काहीच केलं नाही तर "पोट्टीले डोक्यावर बसवलं" हे ऐकावं लागणार ते आईलाच. तो धपाटा मुलीसाठी होता तितकाच ओट्यासाठी होता. प्रश्नावलीत ‘तेव्हा तिथे आणखी कोण होतं?’ हा रकाना नसेल तर हे कारण तुमच्या हाती कधीच लागणार नाही.

चौथं उत्तर किमतीचं. भारतीय कपास महामंडळ हमीभावाने कापूस घेताना त्यातला ओलावा मोजतं. 8 टक्क्यांच्या वर गेला तर भाव कापला जातो, 12 टक्क्यांच्या वर गेला तर कापूस परत. गडूभर पाण्याने सगळा ढीग भिजत नाही हे आईलाही कळतं. पण जिथे एका चुकीची किंमत पैशात दिसते, तिथे मुलाच्या साध्या खेळालाही ‘नुकसान’ हे नाव मिळतं. त्याच घरात पिकलेला कापूस नसता तर सांडलेलं पाणी फक्त सांडलेलं पाणी असतं.

आता प्रसंग थोडा बदला. मुलीच्या हातात गडूऐवजी कोपऱ्यात ठेवलेला कीटकनाशकाचा डबा आहे. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, हे इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. आई धावत जाऊन डबा हिसकावते आणि तसाच धपाटा घालते. मिक्सच्या यादीत दोन्ही प्रसंगांची नोंद सारखीच होईल. पण एकात राग आहे, एकात भीती. एकावरचा उपाय आईचा भार कमी करणं हा आहे, दुसऱ्यावरचा उपाय तो डबा मुलाच्या हाताबाहेर, कुलपात ठेवायची सोय हा. तुमच्या संशोधनातून पुढे काही व्हावं असं वाटत असेल तर हा फरक तुमच्या डेटात दिसायला हवा.

मारल्याने फरक पडतो का?

"धपाटा दिला की ऐकते" हे वाक्य मुलाखतीत येणारच. त्यावर वाद घालायचा नाही, पण संशोधन काय सांगतं ते आपल्याला ठाऊक हवं.

होल्डन यांच्या त्याच ध्वनिमुद्रणांत 41 पैकी 30 प्रसंगांत मूल दहा मिनिटांच्या आत पुन्हा खोडी करू लागलं होतं. अभ्यास लहान आहे, स्वेच्छेने आलेल्या कुटुंबांचा आहे आणि आपलं बोलणं ध्वनिमुद्रित होतंय हे आयांना माहीत होतं, या तिन्ही मर्यादा लिहायलाच हव्यात. पण मोठ्या आकड्यांची दिशाही तीच आहे. एलिझाबेथ गेर्शॉफ आणि अँड्र्यू ग्रोगन-केलर यांनी 2016 मध्ये 75 अभ्यासांचं, 1,60,000 हून अधिक मुलांच्या माहितीचं मेटा-विश्लेषण केलं. चापट खाण्याचा संबंध आक्रमकता, मानसिक अडचणी आणि पालकांशी बिघडलेलं नातं यांच्याशी दिसला. चापटीमुळे मूल अधिक चांगलं वागू लागतं असा पुरावा मिळाला नाही.

परीक्षक इथे हमखास विचारतात: कशावरून मारल्यामुळे मूल बिघडलं? बिघडलेलं मूलच जास्त मार खात असेल! प्रश्न रास्त आहे. एकाच वेळी घेतलेल्या माहितीतून कार्यकारण सिद्ध होत नाही. म्हणून त्याच मुलांना काही वर्षं मागोवा घेऊन तपासणारे अभ्यास महत्त्वाचे. त्यांत दोन्ही दिशा खऱ्या ठरतात: खोडकर मुलं जास्त मार खातात, आणि आधीचा खोडकरपणा हिशेबात धरला तरी मार खाल्लेली मुलं पुढे जास्त आक्रमक होतात. परिणामाचा आकार लहान आहे, पण दिशा सातत्याने तीच.

का होत असेल असं? जोन ग्रुसेक आणि जॅकलिन गुडनाऊ यांनी 1994 मध्ये एक सोपी मांडणी दिली. शिस्त लागू पडायची तर दोन पायऱ्या लागतात: मुलाला संदेश नीट कळला पाहिजे आणि तो त्याने मनाने स्वीकारला पाहिजे. पाठीत धपाटा बसला तेव्हा साडेतीन वर्षांच्या मुलीला काय कळलं? ‘कापूस ओला होऊ द्यायचा नाही’ हे, की ‘आई चिडली’ हे? दुसरंच जास्त शक्य आहे. आणि आई शेतात गेली की तो संदेशही तिच्याबरोबर जातो.

"आपल्याकडे चालतं"

दुसरा ठरलेला आक्षेप: हे सगळं अमेरिकेचं, आपल्याकडे मारण्यात माया असते. ‘श्यामची आई’ आपल्या सगळ्यांच्या घरात आहे. साने गुरुजींनी ते 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. पोहायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिंपटीने मारून विहिरीकडे पाठवते, आणि तरीही मराठी मनात ती मायेचीच मूर्ती आहे. तेव्हा हा आक्षेप हसण्यावारी नेऊ नका, तो तपासता येतो.

जेनिफर लॅन्सफर्ड आणि सहकाऱ्यांनी 2005 मध्ये नेमकं तेच केलं. चीन, भारत, इटली, केनिया, फिलिपिन्स आणि थायलंड या सहा देशांतल्या 336 आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास. प्रश्न असा: मारणं जिथे सर्रास मानलं जातं तिथे त्याचा मुलांवरचा परिणाम कमी होतो का? उत्तर होतं, काही प्रमाणात हो. सगळेच मार खातात असं मुलाला वाटत असेल तर ‘मी आईला नकोसा आहे’ हा अर्थ तितका लागत नाही. पण परिणाम नाहीसा होत नाही. सहाही देशांत जास्त मार म्हणजे जास्त आक्रमकता आणि जास्त चिंता, हेच दिसलं. त्यातली मुलं शाळकरी वयाची होती. म्हणजे अंगणवाडीच्या वयासाठी, मराठी घरांसाठी हा प्रश्न अजून उघडा आहे. विषय शोधत असाल तर घ्या!

यवतमाळात विचारायचं तर

2011 च्या जनगणनेप्रमाणे जिल्ह्याची लोकसंख्या 27 लाख 72 हजार. 16 तालुके. पाचातले जवळपास चार लोक ग्रामीण भागात, आणि सुमारे साडेअठरा टक्के अनुसूचित जमातींचे: गोंड, कोलाम, आंध, परधान. पुसद-दिग्रस पट्ट्यात बंजारा तांडे. घरात वऱ्हाडी, गोरमाटी, गोंडी, कोलामी बोलली जाते. पुस्तकी मराठीतली प्रश्नावली झरी-जामणीतल्या कोलाम पोडावर नेली तर ‘समजावून सांगितलं’ आणि ‘दटावलं’ यातला फरक भाषांतरातच हरवू शकतो. त्या भाषेत मुलाला रागावण्याचे किती शब्द आहेत, हे आधी तिथल्या आज्यांकडून गोळा करा. प्रश्नावली त्यानंतर.

हंगामाचा विचार करा. मिक्सची मुदत ‘गेला एक महिना’ आहे. पेरणीच्या जूनमधला महिना, वेचणीच्या नोव्हेंबरमधला आणि एप्रिलमधला महिना एकाच घरात तीन वेगळे महिने असतात. दोन तालुक्यांची तुलना करताना एकात नोव्हेंबरमध्ये आणि दुसऱ्यात एप्रिलमध्ये गेलात, तर तुम्ही तालुके मोजत नाही, कामाचा ताण मोजताय.

‘पालक’ कोण, हेही ठरवा. आई वेचणीला गेली की मूल आजीकडे किंवा आठ-नऊ वर्षांच्या ताईकडे असतं. धाकट्याला चापट मारणारी ती ताई स्वतःच लेकरू आहे. आपल्या ‘पालकांची निवड’ या शीर्षकात ती बसत नाही, पण घरात ती आहे.

आणि सगळ्यात अवघड मुद्दा: अंगणवाडी ताई. गावात शिरायचं दार तीच. पण यवतमाळ आणि तेव्हाचं औरंगाबाद या दोन जिल्ह्यांत सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने युनिसेफ आणि एकात्मिक बाल विकास सेवा योजनेबरोबर ‘आरंभ’ हा उपक्रम राबवला आहे. त्यात अंगणवाडी सेविकांना प्रशिक्षण, घरभेटी आणि पालक मेळावे यांतून लहान मुलांशी बोलणं, खेळणं, प्रतिसाद देणं हे पालकांपर्यंत नेलं जातं. काम मोलाचं आहे. पण संशोधक म्हणून तुम्ही त्याच ताईंबरोबर घरात शिरलात आणि "मुलांना कसं वळण लावता?" विचारलंत, तर आईला मेळाव्यात ऐकलेलं उत्तर आठवणार. तुम्हाला ‘समजावून सांगतो’ हे उत्तर भरपूर मिळेल आणि ते उपक्रमाचं यश आहे की ताईंचा मान राखणं आहे, हे सांगता येणार नाही. याला सोशल डिझायरेबिलिटी म्हणतात, म्हणजे समोरच्याला बरं वाटेल ते उत्तर. उपाय साधा आहे: ओळख ताईंनी करून द्यावी, मुलाखतीला त्यांनी थांबू नये. सासूसमोरही मुलाखत नको.

हात उचललेला दिसला तर?

नैतिकता समितीच्या अर्जात हा प्रश्न येतो आणि आपण तिथे ‘गोपनीयता पाळली जाईल’ असं लिहून मोकळे होतो. ते पुरेसं नाही.

कायदा काय सांगतो ते आधी वाचा. शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांवर शिक्षण हक्क कायदा 2009 च्या कलम 17 ने बंदी आहे. बाल न्याय कायदा 2015 चं कलम 75 मुलांशी क्रूरतेबद्दल आहे. पण घरात पालकाने दिलेल्या साध्या चापटीवर थेट बंदी घालणारा कायदा भारतात नाही. स्वीडनने तो 1979 मध्ये केला. उलट जुन्या दंड संहितेचं कलम 89 आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम 27 हे बारा वर्षांखालच्या मुलाच्या भल्यासाठी पालकाने सद्हेतूने केलेल्या कृतीला काही मर्यादेत संरक्षण देतं.

म्हणून हद्द आधीच लिहून ठेवा. साधी चापट दिसली तर मुलाखत थोडी थांबवायची, मुलाकडे लक्ष वळवायचं, आईला उपदेश करायचा नाही. मुलाला इजा, चटका, लैंगिक अत्याचाराची शंका दिसली तर गोपनीयता तिथे संपते. ही गोष्ट संमतीपत्रात सुरुवातीलाच साध्या भाषेत वाचून दाखवलेली असली पाहिजे. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक तुमच्या वहीत पहिल्या पानावर हवा.

आणखी एक गोष्ट कोणी सांगत नाही. अकरा कृतींची यादी वाचून संपली की आई मनातल्या मनात स्वतःचा हिशेब करत असते. तुम्ही टॅब बंद करून ‘धन्यवाद’ म्हणून उठलात, तर तो हिशेब तिच्याजवळ राहतो. पाच मिनिटं बसा. लेकरू काय काय करायला शिकलंय ते विचारा. शेवटचं बोलणं तिच्या चुकीबद्दल नको, तिच्या लेकराबद्दल असू द्या.

आता प्रश्न असा लिहिलाय

माझ्या प्रश्नावलीत बाराऐवजी आता एकच मुख्य प्रश्न आहे आणि त्याला फांद्या आहेत. जॉन फ्लॅनगन यांनी 1954 मध्ये मांडलेलं ‘क्रिटिकल इन्सिडंट’ तंत्र त्यामागे आहे: मत विचारू नका, घडलेला शेवटचा प्रसंग विचारा.

• काल-परवा लेकरानं असं काय केलं की तुम्हाला लई राग आला, किंवा लई भेव वाटलं?
• तेव्हा तुम्ही काय करत होता? हातात कोणतं काम होतं?
• तिथे आणखी कोण होतं?
• लेकरानं ते का केलं असं तेव्हा वाटलं? आता विचार केला तर काय वाटतं?
• मग तुम्ही काय केलं? त्याच्या आधी काही करून पाहिलं होतं का?
• त्यानंतर लेकरानं काय केलं?
• याच गोष्टीवर तुमच्या आईनं काय केलं असतं?
• तोच प्रसंग सकाळी, निवांत वेळी घडला असता तर?

‘तेव्हा काय वाटलं’ आणि ‘आता काय वाटतं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ते एकत्र करू नका. त्या दोन उत्तरांच्या मधल्या जागेत निवड असते. आई त्या अर्ध्या मिनिटात निवडत नसेल, पण नंतर विचार करताना ती निवडू शकते, आणि पुढच्या वेळी काय करायचं ते तिथे ठरतं. मिक्सची यादी मी टाकलेली नाही. ती शेवटी आहे, तुलनेसाठी.

नवा मसुदा गाईडकडे दिलाय. लाल पेन अजून फिरायचंय. तुमच्या प्रस्तावातला पहिला प्रश्न काढा आणि त्याखाली तुम्हीच लिहून बघा: याला खरं उत्तर कोण देईल, आणि का देईल?